आठ दिवसांचं आयोडीन

दुधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीत गावाचं नाव चुकलं, तर फोन करून ते दुरुस्त करता येतं. धार कोणत्या दिवशी, किती वाजता काढली हे लिहायचं राहून गेलं, तर ती बाटली जवळजवळ वाया गेली म्हणून समजा. किरणोत्सारी आयोडीनचा माग काढणाऱ्याला हा धडा पहिल्याच आठवड्यात मिळतो. आयोडीन-१३१चं अर्धायुष्य ८.०२ दिवसांचं. गुरुवारी शंभर असेल तर पुढच्या शुक्रवारी पन्नास, त्याच्या पुढच्या शनिवारी पंचवीस. ऐंशी दिवसांनी हजारातला एक भाग उरतो. सीझियम-१३७चं अर्धायुष्य तीस वर्षांचं. त्याचा नमुना दोन महिने कपाटात पडून राहिला तरी बिघडत नाही. आयोडीन आपल्यासाठी थांबत नाही.

इतक्या घाईनं संपणाऱ्या द्रव्यामागे एवढं धावायचं कशासाठी? कारण जाता जाता ते गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत साठतं. शरीराला आयोडीन लागतंच, म्हणून तर आपण आयोडीनयुक्त मीठ खातो, आणि ग्रंथीला साधं आयोडीन कोणतं, किरणोत्सारी कोणतं हा भेद करता येत नाही. मोठ्या माणसाची थायरॉइड वीसेक ग्रॅमची असते, वर्षाच्या बाळाची जेमतेम दोन ग्रॅमची. तेवढंच आयोडीन दोघांच्या ग्रंथीत गेलं तर बाळाच्या ग्रंथीला मिळणारा डोस दसपट होतो. आणि बाळाचं मुख्य अन्न दूध. या कामात दुधाच्या बाटलीला जे महत्त्व आहे, ते या दोन ग्रॅमांमुळे.

आयोडीन येतं कुठून, हे प्रकल्पाच्या जातीवर ठरतं. युरेनियम-२३५चे शंभर अणू फुटले की त्यांतल्या साधारण तिघांपासून आयोडीन-१३१ तयार होतं. चालू अणुभट्टीत ते भरपूर असतं, पण इंधनाच्या नळीत बंद. नळीला बारीकशी चीर पडली की ते थंड करणाऱ्या पाण्यात उतरतं, आणि तिथून वायूबरोबर चिमणीची वाट धरतं. भट्टीतून काढलेलं इंधन पाण्याच्या टाकीत १६० दिवस ठेवलं तर त्यातलं आयोडीन-१३१ दहा लाखातल्या एका भागावर येतं. तुर्भ्याच्या किंवा तारापूरच्या पुनर्प्रक्रिया प्रकल्पात (जिथे वापरलेलं इंधन विरघळवून त्यातलं प्लुटोनियम वेगळं काढतात) वर्षानुवर्षं थंड झालेलं इंधन येतं, त्यामुळे तिथे आयोडीन-१३१चा प्रश्न जवळजवळ उरत नाही. उरतं ते त्याचं मंद भावंड, आयोडीन-१२९. त्याच्याकडे शेवटी येऊ.

इंधन थंड होऊ दिलं नाही तर काय होतं, हे अमेरिकेत मुद्दाम करून पाहिलं गेलं. २ डिसेंबर १९४९ रोजी वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डमध्ये फक्त सोळा दिवस थंड केलेलं इंधन आम्लात विरघळवलं, आणि सुमारे ८,००० क्युरी (किरणोत्साराचं जुनं एकक) आयोडीन-१३१ हवेत गेलं. सोव्हिएत संघातला असा कारखाना किती लांबून ओळखता येईल, ते पाहण्यासाठी हा प्रयोग होता. हवामानानं साथ दिली नाही. हवा साचून राहिली आणि आयोडीन आसपासच्या गवतावर, झाडपाल्यावर बसलं. वाऱ्याच्या वाटेवरच्या वस्तीला कुणी काही सांगितलं नाही. कागदपत्रं लोकांसमोर आली १९८६ साली. माग काढण्याचं शास्त्र अशा प्रयोगांतूनही वाढलं आहे, हे या कामात असलेल्या प्रत्येकानं माहीत करून घ्यावं.

आता हवा. आयोडीन हवेत एका रूपात नसतं. काही भाग धुळीच्या कणांना चिकटलेला, काही मूलद्रव्य आयोडीनची वाफ, आणि काही सेंद्रिय, मुख्यतः मिथाइल आयोडाइड. म्हणून पंपापुढे दोन अडथळे लावतात: आधी काचतंतूंचा कागदी फिल्टर, त्यामागे सक्रिय कोळशाचं कार्ट्रिज. फिल्टर कण अडवतो. वाफ कोळशात अडकते. मिथाइल आयोडाइड मात्र साध्या कोळशाला फारसं दाद देत नाही. त्यासाठी कोळशात ट्रायइथिलीन डायअमाइन किंवा पोटॅशियम आयोडाइड मुरवलेलं असतं. फक्त कागदी फिल्टर लावून ‘हवेत आयोडीन नाही’ असा अहवाल देणं म्हणजे मोठ्या भोकांची जाळी टाकून समुद्रात कोळंबी नाही म्हणण्यासारखं आहे.

कार्ट्रिज दिसायला साधं: बुटपॉलिशच्या डबीएवढं, अडीच-पावणेतीन सेंटीमीटर जाड, दोन्ही बाजूंना जाळी, कडेला हवेची दिशा दाखवणारा बाण. या बाणाकडे दुर्लक्ष झालं की मोजणी बिघडते. आयोडीन कोळशात सारखं पसरत नाही. हवा जिथून शिरते त्या बाजूच्या पहिल्या काही मिलिमीटरमध्येच बहुतेक सगळं अडकतं. मोजताना तीच बाजू शोधकाकडे, म्हणजे किरणोत्सार मोजणाऱ्या उपकरणाकडे, ठेवायची असते. उलटी ठेवली तर मधल्या कोळशामुळे आणि वाढलेल्या अंतरामुळे आकडा कमी येतो, आणि कमी आलेला आकडा कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. शंका असेल तर दोन्ही बाजूंनी मोजून घ्यावं. दोन्हीकडून सारखंच आलं, तर आयोडीन आत खोलवर गेलं आहे. मग प्रवाह जास्त होता की कोळसा थकला, ते शोधायचं. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे अधूनमधून दोन कार्ट्रिज एकामागे एक लावणं. मागच्यात पुढच्याच्या तुलनेत ठळक आयोडीन सापडलं, तर पुढचं आपलं काम करत नाही.

कोळसा थकतो तो दोन कारणांनी. एक दमटपणा. पावसाळ्यात किनाऱ्यावर हवेतली आर्द्रता नव्वदीच्या वर असते. कोळशाची छिद्रं पाण्यानं भरतात आणि मिथाइल आयोडाइड सरळ पार होतं. नमुना घेण्याआधी हवा किंचित गरम करून सापेक्ष आर्द्रता सत्तरच्या खाली आणणं, किंवा कार्ट्रिज लवकर बदलणं, हे दोन उपाय. दुसरं कारण रंग आणि सॉल्व्हंटची वाफ. पंपाच्या खोलीला नवा रंग दिला, तर त्या आठवड्याचं कार्ट्रिज बदला. पाकीट फोडून टेबलावर ठेवलेलं कार्ट्रिजही वापरू नये. ते तिथे पडल्या पडल्या हवा खात असतं.

पंपाची चाल मिनिटाला ६० लीटर धरली तर आठवड्यात सुमारे ६०० घनमीटर हवा जाते, दहा बाय दहाच्या वीसेक खोल्यांत मावेल एवढी. पण ही चाल आठवडाभर तशीच राहील असं गृहीत धरता येत नाही. फिल्टरवर धूळ बसते, पंप ओढून ओढून दमतो आणि प्रवाह घटतो. प्रवाहमापी फिल्टरच्या मागे, कमी दाबाच्या बाजूला असेल तर त्याचा आकडा दाबानुसार दुरुस्त करावा लागतो. सुरुवातीचा आणि शेवटचा, दोन्ही प्रवाह लिहिलेच पाहिजेत. रबरी कडी नीट बसली नाही तर हवा कार्ट्रिजला वळसा घालून जाते, आणि मापीवर सगळं आलबेल दिसतं.

आणि आता आठ दिवसांचं गणित. आठवडाभर हवेत आयोडीनचं प्रमाण सारखं होतं असं धरलं, तर पंप बंद करतेवेळी कार्ट्रिजमध्ये गोळा झालेल्यापैकी सुमारे ७५ टक्केच शिल्लक असतं, म्हणून उत्तराला १.३३नं गुणतात. हा गुणाकार सगळे करतात. पण आयोडीन आठवडाभर सारखंच आलं हे ठरवलं कुणी? किरणोत्सारी हवेचा लोट पहिल्या दिवशी सकाळी येऊन गेला असेल तर शिल्लक ५५ टक्के. शेवटच्या दिवशी आला असेल तर जवळजवळ शंभर. चिमणीवरच्या मापकाची नोंद आणि वाऱ्याची दिशा जवळ नसेल तर हा फरक भरून काढायला दुसरा मार्ग नाही. म्हणून काही वेगळं घडल्याची नुसती कुणकुण लागली, तरी आठवड्याचं कार्ट्रिज ताबडतोब काढून नवं लावायचं, आणि पुढचे दिवस रोज बदलायचं.

मोजणी गॅमा किरणांवर होते. आयोडीन-१३१ची खूण म्हणजे ३६४.५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेची रेषा. शंभरातले एक्याऐंशी अणू विघटन पावताना ती देतात. शेजारीच ३५२वर शिसे-२१४ची रेषा असते. हे शिसं रेडॉनपासून तयार होतं, जमिनीतून नैसर्गिकपणे येतं, आणि पाऊस पडला की हवेतून धुऊन खाली येतं. सोडियम आयोडाइडच्या स्फटिकाच्या शोधकाला (आयोडीन शोधायला आयोडीनच कामी येतं) ३५२ आणि ३६४ वेगळे दिसत नाहीत. दोघांचा मिळून एकच उंचवटा येतो. पावसानंतर लगेच मोजलेल्या नमुन्यात ‘आयोडीन’ दिसण्याचं नेहमीचं कारण हेच. शिसे-२१४चं अर्धायुष्य २७ मिनिटांचं, त्याच्या लेकीचं, म्हणजे त्याच्या विघटनातून बनणाऱ्या द्रव्याचं, वीस. तीन-चार तास थांबून परत मोजा. खाली आलं तर रेडॉन, तसंच राहिलं तर फोन उचला. द्रवरूप नायट्रोजननं थंड केलेला जर्मेनियमचा शोधक या दोन रेषा सहज वेगळ्या दाखवतो, पण तो न्यायला-आणायला अवघड, म्हणून फिरत्या पथकाकडे बहुतेकदा स्फटिकच असतो.

हवेतलं आयोडीन गवतावर बसतं आणि तिथून गोष्ट गाईच्या पोटात जाते. गाय ही माणसानं बांधलेल्या कुठल्याही यंत्रापेक्षा मोठी गोळा करणारी आहे. कुरणात मोकळी चरणारी गाय दिवसाला शंभर-दीडशे चौरस मीटर जागेवरचं गवत तोडते, आणि त्यातल्या आयोडीनचा काही भाग दुधात उतरवते. ऊन-वारा-पावसानं गवतावरचं आयोडीन साधारण चौदा दिवसांत निम्मं होतं. त्यात आठ दिवसांचं विघटन मिळवलं की गवतावरचं प्रत्यक्ष अर्धायुष्य पाच दिवसांवर येतं. दुधातलं प्रमाण मात्र लगेच शिखर गाठत नाही, त्याला दोन ते चार दिवस लागतात. पहिल्या संध्याकाळचं दूध स्वच्छ आलं म्हणून कुणाला ‘निर्धास्त राहा’ सांगणं घातक आहे.

विंडस्केलला हे सगळं एकाच पंधरवड्यात शिकावं लागलं. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरच्या या प्रकल्पातल्या पाइल-१ या अणुभट्टीमध्ये १० ऑक्टोबर १९५७ रोजी आग सापडली. दुसऱ्या दिवशी पाणी ओतून ती विझवली. चिमणीच्या माथ्यावर भौतिकशास्त्रज्ञ जॉन कॉक्रॉफ्ट यांच्या आग्रहानं बसवलेले फिल्टर होते. बांधताना ते ‘कॉक्रॉफ्टचा मूर्खपणा’ म्हणून हिणवले गेले होते. त्या फिल्टरांनी कणरूप द्रव्याचा बराच भाग अडवला, पण आयोडीनची वाफ त्यांतून निसटली. त्या वेळच्या हिशेबानं ती सुमारे २०,००० क्युरी होती. पुढच्या फेरहिशेबात हा आकडा दुपटीवर गेला. दुधासाठी कुठलीही मर्यादा तयार नव्हती. बाळाच्या थायरॉइडला किती डोस पोचेल याचा उलटा हिशेब मांडून लीटरला ०.१ मायक्रोक्युरी, म्हणजे ३,७०० बेकरेल (सेकंदाला तेवढ्या अणूंचं विघटन), हा आकडा तिथल्या तिथे ठरवला. १२ ऑक्टोबरला पहिली बंदी आली, १५ तारखेपर्यंत ती सुमारे ५०० चौरस किलोमीटरवर पसरली, आणि गोळा केलेलं दूध ओतून दिलं गेलं. ऑक्टोबरात तिथल्या गाई अजून कुरणात होत्या. त्या गोठ्यात साठवलेल्या वैरणीवर असत्या तर दुधातला आकडा फार लहान राहिला असता.

म्हणून दूध घेताना विचारायचा प्रश्न दुधाबद्दलचा नसतो. ‘दादा, काल गुरं कुठं चरली? आज गोठ्यात काय घातलं?’ दिवाळीनंतरचा साठवलेला पेंढा खाणाऱ्या म्हशीचं दूध परवाच्या हवेबद्दल काहीच सांगणार नाही, कारण तो पेंढा घटनेच्या आधीचा आहे. ओल्या चाऱ्यावरचं जनावर सांगेल. उत्तर लिहून घेतल्याशिवाय बाटली बंद करू नये. संकलन केंद्रातल्या टाकीतलं दूध घेतलं तर दहा गावांचं दूध एकत्र झालेलं असतं. आकडा खरा येतो, पण तो कुठल्याच गोठ्याचा नसतो. शेळीचं दूध मिळालं तर ते आधी घ्यावं. रोज पोटात गेलेल्या आयोडीनपैकी गाईच्या दुधाच्या एका लीटरमध्ये साधारण अर्धा टक्का उतरतो, शेळीच्या लीटरमध्ये वीस टक्क्यांच्या आसपास. शेळी चारा कमी खाते, हे धरूनही तिच्या दुधातला आकडा काही पटींनी मोठा येतो.

सगळ्यात जास्त नमुने वाया जातात ते नंतर, चांगल्या हेतूनं. पाण्याच्या बाटल्यांत आधीच नायट्रिक आम्ल घालून ठेवण्याची पद्धत असते. सीझियम, स्ट्रॉन्शियमसाठी ती बरोबर आहे, आयोडीनसाठी विनाशक. आम्लानं आयोडाइडचं आयोडीन होतं आणि ते बाटलीच्या वरच्या हवेत निघून जातं. आयोडीनचा नमुना अल्कधर्मी ठेवतात, सोबत थोडं सल्फाइट किंवा थायोसल्फेट. दूध टिकवायला फॉर्मेलिन घातलं तर आयोडीन दुधातल्या प्रथिनांना घट्ट बांधलं जातं आणि पुढे प्रयोगशाळेत आयोडीन धरून ठेवणाऱ्या रेझिनच्या नळीत अडकत नाही. गवत वाळवायला ओव्हनमध्ये ठेवलं की आयोडीन ओव्हनच्या धुराड्यातून गेलं. गवत ओलंच मोजा. कोरडं वजन काढायला वेगळा मूठभर तुकडा वाळवा. गवत कापताना एक चौरस मीटरची चौकट टाकतात आणि मातीपासून दोन-तीन बोटं वर कात्री चालवतात, कारण मुळाशी चिकटलेली माती वेगळाच आकडा देते.

दूध एका लीटरच्या खळग्याच्या भांड्यात (शोधक त्या खळग्यात बसतो) सरळ मोजलं तर काही तासांत लीटरमागे अर्ध्या बेकरेलच्या आसपासचं आयोडीन पकडता येतं. आपत्तीत एवढं पुरे. नेहमीच्या दिवसांत त्याच्या दहापट खाली जायचं तर चार लीटर दुधात मोजून थोडं साधं आयोडाइड घालतात, ते ऋण आयन धरणाऱ्या रेझिनमधून सोडतात, हायपोक्लोराइटनं रेझिनवरून उतरवतात, सेंद्रिय द्रावकात ओढून घेतात आणि शेवटी सिल्व्हर आयोडाइडचा साका करून मोजतात. सुरुवातीला घातलेलं साधं आयोडाइड शेवटी किती हाती लागलं, त्यावरून वाटेत किती सांडलं ते कळतं. ही पायरी गाळली तर सत्तर टक्के मिळालं की तीस, हे सांगता येत नाही.

तारापूरची पहिली भट्टी १९६९ साली वीज देऊ लागली. तिथे आणि देशातल्या प्रत्येक अणुवीज केंद्राजवळ भाभा अणुसंशोधन केंद्राची पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असते. साधारण तीस किलोमीटरच्या वर्तुळातलं दूध, भाजी, मासे, पाणी, हवा तिथे मोजली जाते. यात एक नमुना खाटकाकडून येतो: बोकडाची थायरॉइड. श्वासनळीच्या दोन्ही बाजूंना चिकटलेले दोन लालसर तुकडे, काही ग्रॅमचे. अख्ख्या जनावरानं कित्येक दिवस चरून मिळवलेलं आयोडीन एवढ्याशा तुकड्यात आटवलेलं असतं. हवेत किंवा दुधात दिसणार नाही इतकं थोडं आयोडीनही इथे दिसतं. फक्त बोकड कुठला, हे पक्कं हवं. परराज्यातून बाजारात उतरलेलं जनावर गेल्या आठवड्यात कुठल्या रानात चरलं, ते ठाऊक नसेल तर तो नमुना तारापूरचा म्हणता येत नाही.

सापडलं, तरी ते कुणाचं? आयोडीनबरोबर कोण आहे ते पाहायचं. आयोडीन-१३३चं अर्धायुष्य २०.८ तासांचं; ते सोबत असेल तर अणू नुकतेच फुटले आहेत, कुठेतरी चालती भट्टी आहे. टेल्युरियम-१३२, सीझियम-१३४ सोबत असतील तर इंधनाला इजा झाली आहे. एकटं आयोडीन-१३१ असेल तर नजर औषधांच्या कारखान्याकडे आणि रुग्णालयांकडे जावी. २०११च्या शरद ऋतूत मध्य युरोपातल्या हवेत घनमीटरला काही मायक्रोबेकरेल आयोडीन-१३१ दिसू लागलं, सोबत काहीच नाही. ११ नोव्हेंबरला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनं ते जाहीर केलं, आणि आठवड्याभरात माग बुडापेस्टच्या आयसोटोप संस्थेपर्यंत पोचला, जिथे थायरॉइडच्या उपचारांसाठी आयोडीन तयार होत होतं. २००८च्या ऑगस्टमध्ये बेल्जियममधल्या फ्लर्यूसला अशाच उत्पादन केंद्राच्या चिमणीतून ४८ गिगाबेकरेल गेलं आणि आसपासच्या लोकांना बागेतली भाजी-फळं काही दिवस खाऊ नका असं सांगावं लागलं. थायरॉइडच्या कर्करोगाच्या बारा-तेरा रुग्णांना दिलं जाणारं औषध मिळून एवढंच होतं. तेच द्रव्य परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये १९६३पासून लोकांचे गळे बरे करत आलं आहे. म्हणूनच अशा वॉर्डांचं सांडपाणी टाकीत काही आठवडे थोपवून, आयोडीन मरू देऊन मग सोडतात. शहराच्या मैलापाण्यात सापडलेलं आयोडीन पाहून अणुवीज केंद्राकडे बोट दाखवण्याआधी वरच्या बाजूला रुग्णालय आहे का, ते पाहावं.

आठ दिवसांची मुदत हुकली तर काय होतं, ते फुकुशिमानं दाखवलं. चेर्नोबिलनंतर १९८६च्या मे-जूनमध्ये युक्रेन, बेलारूस, रशियात तीन लाखांहून अधिक लोकांच्या गळ्याशी मोजणी झाली होती. उशिरानं, पण झाली. मार्च २०११मध्ये त्सुनामीनं रस्ते, वीज, यंत्रं सगळंच मोडलेलं. टोकियोत २२ मार्चला कानामाची शुद्धीकरण केंद्राच्या पाण्यात लीटरला २१० बेकरेल सापडलं. बाळांसाठीची मर्यादा १०० होती. पाण्याचं मोजमाप वेळेत झालं, बाटल्या वाटल्या गेल्या, दोन दिवसांत आकडा खाली आला. गळ्यांचं मोजमाप मात्र २४ ते ३० मार्चदरम्यान इवाकी, कावामाता आणि इइताते इथल्या १,०८० मुलांपुरतंच राहिलं. बाहेरचा किरणोत्सार कमी असलेल्या जागा शोधून, मुलाच्या गळ्याला शोधक टेकवून, मग खांद्याला टेकवून दोन्हींतला फरक घ्यायचा. ठरवलेल्या पातळीच्या वर एकही मूल नव्हतं. बाकी मुलांच्या बाबतीत तो आठवडा निघून गेला.

मग मंद भावंडाकडे जावं लागलं. आयोडीन-१२९चं अर्धायुष्य १ कोटी ५७ लाख वर्षांचं. दोघं एकाच भट्टीतून, एकाच वेळी निघाली, आणि रसायनशास्त्राच्या दृष्टीनं एकच वागतात. एक गेलं तरी दुसरं मातीत बसून राहतं. जपानी संशोधकांनी ती माती व्हॅनेडियम पेंटॉक्साइडमध्ये मिसळून, ओल्या ऑक्सिजनच्या झोतात हजार अंशांपर्यंत तापवली, निघालेलं आयोडीन अल्कधर्मी द्रावणात पकडलं, सिल्व्हर आयोडाइड केलं आणि त्वरकाच्या वस्तुमानमापकात अणू मोजले. ज्या थोड्या नमुन्यांत २०११ साली आयोडीन-१३१ वेळेत मोजलं गेलं होतं, त्यांवरून दोघांचं गुणोत्तर निघालं, आणि न मोजलेल्या गावांत किती पडलं असेल त्याचा नकाशा काढता आला.

त्या नकाशावरून जमिनीवर किती पडलं ते समजतं. लोट डोक्यावरून जात असताना एखादं मूल अंगणात होतं की घरात, त्याच्या घरी त्या दिवसांत कोणत्या टाकीचं पाणी आणि कुठलं दूध आलं, हे मातीच्या पुडीत नाही.